गळ्यातून उतरणारा विडा

पाबळला मस्तानीची कबर आहे हे पुणे जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक असतं. प्रत्यक्ष जाऊन आलेले मात्र कमी. आणि जे कधीच गेलेले नाहीत त्यांनाही मस्तानीबद्दल एक गोष्ट पक्की माहीत असते: ती इतकी नितळ गोरी होती की विडा खाल्ला की त्याचा लाल रस गळ्यातून उतरताना बाहेरून दिसायचा.

मला ही गोष्ट आजीनं सांगितली. सांगताना ती हनुवटीपासून गळ्याच्या खळगीपर्यंत एक बोट सावकाश ओढत न्यायची, रस कुठून कुठं जायचा ते आम्हाला कळावं म्हणून. आजी स्वतः पान खाणारी. जेवण झालं की चंची उघडायची, पानाचं देठ खुडायची, शिरा काढायची, बोटानं चुना फासायची, अडकित्त्यानं सुपारी कातरायची. मी समोर बसून तिच्या गळ्याकडं टक लावून बघायचो.

"आज्जे, तुझ्यात कुठं दिसतंय?"

"मी काय मस्तानी हाय व्हय रं?"

विषय तिथं संपायचा. पेशव्यांचा इतिहास पुढं वाचला तेव्हा कळलं, की छत्रसालाची ही मुलगी बाजीरावाबरोबर पुण्याला आली, पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं तिला इनाम मिळाली, १७४० च्या एप्रिलात नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेला आणि त्याच वर्षी तीही गेली. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ मध्ये पानिपतावर लढला आणि त्या लढाईतल्या जखमांनी मेला. एवढं सगळं असताना लोकांच्या लक्षात राहिला तो गळा. पुण्यात तर आइस्क्रीम घातलेल्या दाट दुधाच्या पेल्यालाही तिचं नाव आहे. तीही गळ्याखाली उतरवायचीच गोष्ट.

या गळ्याची गाठ एका जुन्या हॉलिवूडपटाशी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

१९३३ साली युनिव्हर्सल कंपनीनं 'द इनव्हिजिबल मॅन' काढला. एच. जी. वेल्सच्या १८९७ च्या कादंबरीवर बेतलेला, जेम्स व्हेलनं दिग्दर्शित केलेला, जेमतेम सव्वा तासाचा कृष्णधवल चित्रपट. बर्फ पडतंय. आयपिंग नावाच्या इंग्लिश खेड्यातल्या सराईत एक माणूस शिरतो. डोक्यापासून गळ्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्या, डोळ्यांवर काळा चष्मा, हातमोजे. त्याला खोली हवी, शेकोटी हवी आणि कुणी त्रास द्यायला नको. खेड्यात अशा पाहुण्याला कुणी त्रास दिल्याशिवाय राहत नाही, मग ते खेडं इंग्लंडातलं असो की शिरूर तालुक्यातलं. मालकीणबाई निमित्त काढून खोलीत डोकावते, पैसे थकतात, पोलीस येतो, आणि चिडलेला पाहुणा सगळ्यांसमोर पट्ट्या सोडायला लागतो. पट्ट्यांखाली डोकंच नसतं.

हा ग्रिफिन. शास्त्रज्ञ आहे, स्वतःच्याच औषधानं अदृश्य झालाय, परतीचं औषध सापडत नाही, आणि पहिल्या औषधानं त्याचं डोकंही फिरत चाललंय. क्लॉड रेन्स या नटानं हे काम केलं. त्याचा चेहरा पडद्यावर येतो तो अगदी शेवटी, मरताना, काही क्षणांपुरता. तोवर सगळा अभिनय आवाजाचा आणि रिकाम्या कपड्यांच्या हालचालींचा. आवाजावर एवढं काम काढणारा दुसरा भयपट मी तरी पाहिलेला नाही.

मधे एक प्रसंग आहे. ग्रिफिन आपल्या जुन्या सहकाऱ्याच्या, केम्पच्या घरी जातो आणि त्याला अदृश्य असण्यातल्या अडचणी सांगत बसतो. पाऊस पडला की बाहेर पडायचं नाही, पाण्याच्या थरानं आकार उमटतो. धुक्यात, काजळीत फिरायचं नाही. नखांत मळ राहू द्यायचा नाही. आणि जेवलं की तासभर लपून बसायचं, कारण पचेपर्यंत अन्न पोटात दिसत राहतं.

मी जागच्या जागी सरसावून बसलो. हे तर आजीचं बोट!

तिकडं पोटातला घास दिसणं हा जिवावरचा धोका, इकडं गळ्यातला विडा दिसणं हा सौंदर्याचा कळस. शरीर पारदर्शक असलं तरी त्यात घातलेली वस्तू पारदर्शक होत नाही, हा विचार मात्र दोन्हीकडं तोच.

त्या चित्रपटात आणखी एक हिंदुस्थानी धागा आहे. ग्रिफिनच्या औषधाचं नाव मोनोकेन, आणि ते हिंदुस्थानात उगवणाऱ्या एका फुलापासून काढतात, असं त्यातले वडीलधारे डॉक्टर सांगतात. ज्याला लागेल त्याचा रंग ते ओढून घेतं. एका कुत्र्याला टोचलं तर कुत्रं पांढरंफटक झालं आणि पिसाळलं. वेल्सच्या पुस्तकात असलं काही फूल नाही. पण त्या काळच्या हॉलिवूडला गूढ आणि विषारी असं काही हवं असलं की ते पूर्वेकडून मागवायची पद्धत होती. त्या फुलाचा मला राग नाही. त्यामागच्या विज्ञानाचा आहे. त्याकडं येतोच.

आधी युक्ती सांगायला हवी, कारण तिचा वारसा मुंबईत पोचला. युनिव्हर्सलच्या जॉन फुल्टननं नटाला नखशिखांत काळ्या मखमलीत गुंडाळलं, त्यावर नेहमीचे कपडे चढवले आणि काळ्या मखमलीच्याच पडद्यापुढं उभं करून चित्रण केलं. काळ्यावर काळं दिसत नाही, उरतात ते हलणारे कपडे. मग ते चित्र खोलीच्या चित्रावर बसवलं. डोळ्यांसाठीच्या भोकांसारख्या खुणा राहिल्या, त्या चौकटी-चौकटीवर हातानं पुसल्या. चारच वर्षांनी, १९३७ मध्ये, विजय भट्ट यांनी याच कल्पनेवर 'ख्वाब की दुनिया' काढला. त्यातल्या करामती बाबूभाई मिस्त्री या तरुणानं केल्या. काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्यानं वस्तू हलवायच्या, म्हणजे त्या आपोआप हलल्यासारख्या दिसतात. त्यावरून त्यांचं नावच 'काला धागा' पडलं. अर्धशतकानंतर 'मिस्टर इंडिया'त अनिल कपूर मनगटावरचं यंत्र दाबून नाहीसा झाला आणि फक्त लाल प्रकाशात दिसू लागला. त्या लाल प्रकाशाबद्दलही पुढं बोलायचं आहे.

आता फूल. रंग काढून घेतला की वस्तू दिसेनाशी होते, हा समज फार पसरलेला आहे, आणि तो चूक आहे. चित्रपटानंच त्याचा पुरावा दिलाय: कुत्र्याचा रंग गेला तेव्हा ते पारदर्शक झालं नाही, पांढरं झालं.

घरात खडीसाखर असेल तर एक मोठा, स्वच्छ खडा घ्या. त्याच्या पलीकडचं बोट दिसतं. आता तोच खडा खलबत्त्यात कुटा. पीठ पांढरंशुभ्र, पलीकडचं काही दिसत नाही. साखरेत कुठलाही रंग घातलेला नाही की काढलेला नाही. बदललं एवढंच, की आधी प्रकाशाला साखरेत एकदा शिरायचं आणि एकदा बाहेर पडायचं होतं; आता त्याला हजारो कणांत शिरावं आणि निघावं लागतं. दर वेळी हवेतून साखरेत, साखरेतून हवेत जाताना प्रकाश थोडा वाकतो, थोडा माघारी फिरतो. हजार वेळा वाकल्यावर मूळची दिशा काय होती ते प्रकाशाला सांगता येत नाही. सगळीकडून सगळीकडं विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरा दिसतो. मीठ, फेस, ढग, बर्फाचा चुरा, सगळ्यांचं पांढरेपण हेच.

एखादा पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो याचा आकडा असतो, त्याला अपवर्तनांक म्हणतात. हवेचा जवळजवळ १, पाण्याचा १.३३, खाद्यतेलाचा १.४७ च्या आसपास, साध्या काचेचा दीडच्या आसपास. दोन शेजाऱ्यांच्या आकड्यांत फरक जितका जास्त तितका प्रकाश सीमेवर अडखळतो. फरकच नसेल तर त्याला सीमा कळतही नाही.

हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही, भज्यांची पुडी पुरते. वर्तमानपत्राच्या कागदात गरम भजी बांधून घ्यायची आणि घरी येऊन कागद उजेडात धरायचा. जिथं तेल लागलं तिथं कागदातून पलीकडचा उजेड येतो, मागच्या बाजूची अक्षरंसुद्धा उमटतात. कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंची जाळी आणि मधे हवा. तंतूंचा आकडा साधारण दीड, हवेचा एक, म्हणून कागद पांढरा. तेल हवेला हुसकून जागा घेतं, आणि तेलाचा आकडा तंतूंच्या जवळचा. सीमा पुसट होतात. तेलानं कागदाचा रंग काढला नाही, त्यातली हवा काढली. एकादशीचा साबुदाणा हीच गोष्ट पाण्यानं करून दाखवतो. कोरडा दाणा खडूसारखा पांढरा. भिजून शिजला की पिठूळपणा जातो, आतल्या पोकळ्या पाण्यानं भरतात, आणि दाणा काचेच्या मण्यासारखा होतो. वेल्सला हे सगळं ठाऊक होतं. त्याचा ग्रिफिन कादंबरीत काचेच्या पुडीचं आणि तेल लावलेल्या कागदाचंच उदाहरण देतो. पटकथेत त्या जागी फूल आलं.

पाबळची एक दुसरी ओळख इथं सांगायला हरकत नाही. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून, अन्नतंत्रज्ञानात अमेरिकेत डॉक्टरेट केलेला हा माणूस पाबळच्या माळावर येऊन राहिला, कारण शाळेत न रमणारी पोरं हातानं काम करताना भराभर शिकतात असं त्यांना वाटत होतं. वेल्डिंग, गोठा, रोपवाटिका, वायरिंग, रक्ताची तपासणी, सगळं करून शिकायचं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे हवी ती वस्तू स्वतः बनवून बघायच्या कार्यशाळांपैकी, एक याच गावात उभी राहिली. मस्तानीच्या पाबळची दंतकथा या पाबळच्या रीतीनं तपासली तर? पुस्तक बाजूला ठेवायचं आणि हाताशी जे आहे त्यानं बघायचं.

हाताशी मोबाइलचा टॉर्च आहे. अंधाऱ्या खोलीत तो चालू करून त्यावर बोटाचं पेर घट्ट दाबा. बोट निखाऱ्यासारखं लाल होतं. म्हणजे उजेड आत जातो आणि पलीकडून बाहेरही पडतो. पण हाड कुठंय? दिसत नाही. पेराच्या आत चांगलं जाड हाड आहे, तरी त्याची सावलीसुद्धा नाही. उजेड येतो, चित्र येत नाही. कातडी आणि मांस प्रकाशाला पूर्ण अडवत नाहीत, विस्कटतात. आपण काळ्या दगडासारखे नाही, दुधासारखे आहोत. दुधात पाणी आणि पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे, प्रथिनांचे बारीक कण असतात. आपल्या कातडीतही पाणी आणि त्यात मेद, प्रथिनांचे तंतू. पाण्याचा आकडा १.३३, मेदाचा १.४५ च्या घरात. दर काही सहस्रांश मिलिमीटरला सीमा. मग दुसरं काय होणार?

लाल रंगच का, तर रक्तातलं हिमोग्लोबिन निळा-हिरवा उजेड गिळून टाकतं आणि लाल सोडतं. त्यामुळं 'मिस्टर इंडिया'चं गणित उलटं आहे. माणूस सगळ्यात जास्त आरपार असतो तो लाल उजेडातच. खलनायकांनी लाल उजेडाऐवजी हिरवा वापरायला हवा होता.

आता मस्तानीच्या गळ्यापाशी या. गोऱ्या कातडीत मेलॅनिन कमी, म्हणजे उजेड गिळला जाण्याचं प्रमाण कमी. पण विस्कटणं तेवढंच. गोरेपणानं कातडी पांढरी होते, काच होत नाही. कुत्र्याची गोष्ट पुन्हा तीच. शिवाय अन्ननलिका गळ्याच्या दर्शनी भागात नसतेच. पुढं श्वासनलिका, तिच्या मागं अन्ननलिका, तिच्या मागं पाठीचा कणा. विडा उतरतो तो श्वासनलिकेच्या आडून. कातडी कितीही तलम असली तरी मधे कूर्चेच्या कड्या आहेत.

मग ही गोष्ट आली कुठून? मस्तानी जन्मायच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी, १५४० मध्ये, अवधीत मलिक मुहम्मद जायसीनं 'पद्मावत' लिहिलं. त्यात पद्मावतीच्या नखशिखान्त वर्णनात गळ्याची पाळी येते तेव्हा, गिळलेल्या विड्याच्या रसाची रेघ बाहेरून दिसते, असं तो म्हणतो. म्हणजे हे कवींच्या पोतडीतलं ठरीव वर्णन होतं: डोळे हरणाचे, कंबर सिंहाची, आणि गळा असा. मस्तानी बुंदेलखंडातली, त्याच काव्याच्या मुलखातली. पुण्याच्या लोकांनी तिच्यावर लादलेल्या अनेक गोष्टींत ही एक; बाकीच्यांच्या मानानं प्रेमळ म्हणायची. तिच्या घोडेस्वारीबद्दल कुणाच्या आजीनं बोट फिरवून दाखवल्याचं ऐकिवात नाही.

इथं थांबता आलं असतं, दंतकथा खोटी म्हणून. पण पारदर्शक जनावरं खरोखर असतात, आणि ती कशी जगतात हे बघितलं की ग्रिफिनच्या अडचणी पटायला लागतात.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेत काचबेडूक असतात. पोटाची कातडी एवढी आरपार की काळीज उडताना दिसतं. झाडाच्या पानावर ते दिवसा झोपतात, आणि झोपेत आणखी पारदर्शक होतात. कसं, ते २०२२ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं उलगडलं: झोपताना बेडूक आपल्या जवळजवळ ८९ टक्के तांबड्या पेशी यकृतात कोंबून ठेवतो. यकृताला आरशासारखं आवरण असतं. अंगभर उरतो तो जवळजवळ बिनरंगी द्रव. जागा झाला की पेशी पुन्हा वाहायला लागतात. आपण एवढ्या पेशी एका जागी कोंबल्या तर गुठळ्या होऊन मरू. बेडकाच्या होत नाहीत, आणि डॉक्टरांना रस आहे तो यात.

आपल्याकडच्या नद्या-तळ्यांतही एक लहानसा काचेसारखा मासा सापडतो, माशांच्या दुकानातल्या टाक्यांत तो हमखास दिसतो. काटा न काटा मोजून घ्या. मात्र पोटाची पिशवी चंदेरी, आतलं काही दिसू नये अशी. समुद्रातल्या पारदर्शक जिवांचंही तेच. सगळं अंग लपवता येतं, खाल्लेलं लपवता येत नाही. म्हणून अनेकांनी आतड्यावर आरसा चढवला. खोल समुद्रातल्या काही जिवांनी तर पोटाला काळा किंवा लाल अस्तर लावलं, कारण तिथं भक्ष्यच स्वतः चमकतं, आणि गिळल्यावर पोटातून चमकत राहिलं तर मोठा मासा येतो. जेवल्यावर तासभर दडून बसणारा ग्रिफिन आणि हे जीव एकाच पंगतीतले.

आणि दुसरी न लपणारी वस्तू म्हणजे डोळा. काचमाशाचा डोळा काळाभोर असतो, काचबेडकाचाही. याला इलाज नाही, आणि 'द इनव्हिजिबल मॅन' इथंच कायमचा अडकतो.

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे शरीरानं माहीत आहे. पाण्याखाली डोळे उघडले की सगळं धूसर. कडेचे दगड, वर लटकणारे पाय, सगळ्याचे नुसते डाग. पाणी स्वच्छ असतं, बिघडतं ते डोळ्याचं काम. डोळ्यात शिरणारा उजेड एका बिंदूत गोळा करण्याचं जवळजवळ दोन-तृतीयांश काम डोळ्याचा पुढचा पडदा, म्हणजे पारपटल, करतो. ते त्याला जमतं कारण बाहेर हवा, आकडा १. आणि पारपटलाचा आकडा १.३८ च्या जवळ. पाण्यात गेलं की बाहेरचा आकडा १.३३ होतो, फरक उरतच नाही, पारपटल निकामी. गॉगल घातला की परत दिसायला लागतं, कारण डोळ्यासमोर पुन्हा हवा आली.

आता ग्रिफिन. तो हवेत दिसत नाही, म्हणजे त्याच्या अंगाचा, डोळ्याचाही, आकडा हवेइतका झालाय. मग पारपटल आणि भिंग दोन्ही कुचकामी. विहिरीत निदान भिंग तरी थोडं काम करतं. आणि समजा कसंबसं चित्र उमटलं, तर ते कशावर उमटणार? मागचा पडदा प्रकाश गिळतो म्हणून आपल्याला दिसतं. प्रकाश त्यातून आरपार गेला तर त्यानं काही गिळलंच नाही. गिळायला लागला तर तो काळा दिसणार, आणि हवेत तरंगणारे दोन काळे ठिपके बघून मालकीणबाई त्या सराईत आणखीच किंचाळली असती. थोडक्यात, खरा अदृश्य माणूस ठार आंधळा. वेल्सला याचा वास आला होता. कादंबरीत ग्रिफिन आधी एका मांजरीला अदृश्य करतो, आणि सगळं मांजर नाहीसं झाल्यावरही डोळ्यांच्या मागचा चमकणारा पडदा मागं राहतो. स्वतःच्या नायकाच्या बाबतीत मात्र लेखकानं हा प्रश्न उचलला नाही. उचलला असता तर कादंबरी दुसऱ्या प्रकरणात संपली असती.

अख्खा माणूस राहू दे, १९३३ मध्ये, आणि पुढंही बराच काळ, कुणीही म्हटलं असतं की जिवंत सस्तन प्राण्याची कातडी पारदर्शक होणं शक्य नाही. मेलेल्या ऊतींना तेला-रसायनांत बुडवून आरपार करण्याच्या पद्धती जुन्या आहेत, पण त्यात जीव उरत नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात 'सायन्स' या नियतकालिकात स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ग्वोसाँग हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. त्यांनी एक रंग पाण्यात विरघळवला, आधी कोंबडीच्या छातीच्या मांसाच्या पातळ कापावर वापरून बघितला, मग केस काढलेल्या जिवंत उंदराच्या कातडीवर चोळला. काही मिनिटांत पोटाची कातडी आरपार झाली. आतलं यकृत, आतडी बाहेरून दिसायला लागली. डोक्यावर चोळल्यावर मेंदूवरच्या रक्तवाहिन्या दिसल्या. पाण्यानं धुतलं की कातडी पूर्ववत.

तो रंग कुठल्या दुर्मिळ फुलाचा नव्हता. टार्ट्राझिन. पिवळा खाद्यरंग, भारतातही चालणारा, कित्येक शरबतांच्या आणि गोळ्या-चिवड्यांच्या पाकिटांवर १०२ या आकड्यानं छापलेला. किराणा दुकानात उभं राहून कुणीही वाचावा.

पारदर्शक करायला रंग ओतायचा, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण हिशेब साधा आहे, आणि पायाभूत नियम तर क्रोनिग आणि क्रेमर्स या दोघांनी १९२६-२७ मध्येच मांडलेला: एखादा पदार्थ एका रंगाचा उजेड जोरात गिळत असेल, तर त्याच्या शेजारच्या, जास्त तरंगलांबीच्या उजेडाला तो नेहमीपेक्षा जास्त वाकवतो. टार्ट्राझिन निळा उजेड जोरात गिळतं. त्यामुळं ते विरघळलेल्या पाण्याचा लाल उजेडासाठीचा आकडा वर चढतो, मेदाच्या आकड्याकडं सरकतो. पाणी आणि मेद यांच्यातली सीमा लाल उजेडाला दिसेनाशी होते. भज्यांच्या कागदात हवा काढून तेल भरलं, तसं इथं पाण्यालाच तेलासारखं केलं. निळा उजेड गिळला जातो त्याची किंमत म्हणजे कातडी नारिंगी-लाल दिसते. त्या खिडकीतून बघायचं ते लाल काचेतून बघितल्यासारखं.

चित्रपटातलं हिंदुस्थानी फूल रंग ओढून घ्यायचं आणि कुत्रं पांढरं व्हायचं. खरा उपाय निघाला तो रंग चोपडण्यात.

त्या उंदराच्या पोटात संशोधकांना जी गोष्ट हलताना दिसली ती मी दोनदा वाचली. आतड्यांच्या भिंती लाटांसारख्या आकसतात आणि सैल होतात, अन्न पुढं ढकललं जातं. ती हालचाल बाहेरून, न कापता, साध्या उजेडात दिसली. पोटात उतरणारा घास, कातडीआडून.

माणसावर हे अजून झालेलं नाही. आपली कातडी उंदराच्या कातडीपेक्षा साधारण दहापट जाड, रंग तेवढा आत मुरायचा तर कसा, हाच प्रश्न आहे. आणि हा रंग अंगाला चोळून बघायचा प्रकार घरी करू नये हे वेगळं सांगायला नको. संशोधकांची इच्छा फार साधी आहे: रक्त काढताना शीर पटकन सापडावी, कातडीखालचे काही आजार न कापता दिसावेत. सुई तीनदा टोचूनही शीर न सापडलेल्या कुणालाही ती पटेल.

आजी आता नाही. असती तर तिला मोबाइलवर तो उंदीर दाखवला असता, हनुवटीखालून बोट ओढत. ती चष्मा कपाळावर सारून बघत राहिली असती, आणि म्हणाली असती, "उंदराला विडा कोण घालतंय रं?"